कधीच सुई न मोडलेला मास्तर

आदरणीय व्याही यांना,

मास्तरांचा मनापासून नमस्कार, आणि त्यातला निम्मा विहीणबाईंना पोचवावा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे खुशाल होते आणि आता मीही बऱ्यापैकी खुशाल आहे. तुमची कंबर कशी आहे? कळ वाकताना येते की वाकून उठताना? (दोन्हींत फार फरक असतो, पण डॉक्टर मंडळी तो विचारत नाहीत.) येत्या सोमवारी तुमचा एमआरआय आहे असं विहीणबाईंच्या फोनवरून कळलं. तोही तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, जिथे रोज हेच काम करते त्या हॉस्पिटलात नाही, तर तुमच्या घराजवळच्या नव्या सेंटरात. चांगलं आहे, जवळ पडतं. लेकीने फोनवर काही विचारायला सुरुवात केली तर तुम्ही म्हणालात म्हणे, की माझ्या अंगात लोखंड-बिखंड काही नाही, तू तुझं काम बघ. आणि फोन विहीणबाईंच्या हातात देऊन मोकळे झालात. यावर मी काहीही बोलणार नाही. ज्याने जन्मभर ग्राइंडर चालवून लोकांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या, त्याला लोखंडाबद्दल एका शिंप्याने काय शिकवायचं?

पत्रास कारण, तक्रार. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत, की पोर गुणी आहे, फक्त प्रश्न फार विचारते. एकदा उत्तर दिलं तरी पुन्हा विचारते, तेवढं सांभाळून घ्या, आणि काही कमी-जास्त झालं तर मोकळेपणाने कळवा. मला वाटलं, मुलीचा बाप आहे, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणतोय. आज चार वर्षांनी मोकळेपणाने कळवतो आहे. तुमच्या लेकीने मला भर हॉस्पिटलात, माझ्याच एका गिऱ्हाइकासमोर, खोटा पाडला. कसा पाडला ते सविस्तर लिहितो, कारण हात आता लिहू लागला आहे आणि दुसरं काही करू द्यायला घरात कुणी तयार नाही.

माझ्या उजव्या हाताचं तुम्ही ऐकलंच असेल. आधी करंगळीला मुंग्या यायच्या, मग शेजारच्या बोटाला, मग कात्री हातातून निसटायला लागली. मी पहिल्यांदा कात्रीला दोष दिला आणि तिला धार लावून आणली. मग कापडाला दिला. मग चिरंजीवांना दिला (ते जवळच उभे होते). शेवटी एका वकिलांच्या कोटाचं भारी कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या, आणि कात्री रेघ सोडून भलतीकडेच निघाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एका माणसाला नवीन कापड स्वतःच्या खिशातून आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, ऑपरेशन लागेल, पण नेमकी कुठे आणि किती दबली आहे ते एमआरआय केल्याशिवाय सांगता येत नाही. आणि फार दिवस घालवलेत तर बोटं परत यायची नाहीत. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू बोटं चार दिवस पाहुणी म्हणून कुठे गेली आहेत. व्याही, खरं सांगतो, मी घाबरलो. कटिंग मास्तराचा उजवा हात गेला तर उरतो तो नुसता मास्तर, आणि त्याला कुणी विचारत नाही. रात्री झोप लागेना. हिने समजूत काढली, चिरंजीवांनी समजूत काढली, आणि तुमच्या लेकीने समजूत न काढता सरळ तारीख काढली.

तारखेच्या आधीच तिने मला घरी बसवून चुंबकाबद्दल सांगायला घेतलं. आता आमच्या दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला एक लोहचुंबक आहे, वडिलांच्या वेळचं. तेव्हा मी म्हटलं, चुंबकाबद्दल मला सांगू नकोस, माझा सगळा जन्म चुंबक हातात धरून गेला. ती म्हणाली, "पप्पा, तुमचं चुंबक टाचण्या उचलतं. आमचं तुम्हांला खुर्चीसकट उचलेल." मग म्हणाली की ते कधीच बंद नसतं. तपासणी चालू असो नसो, दिवे मालवलेले असोत, खोलीत चिटपाखरू नसो, ते आपलं ओढायला तयारच बसलेलं असतं. लोकांचा घोळ इथेच होतो. मशीन आवाज करत नाही म्हणजे ते झोपलंय असं समजून माणूस आत पाऊल टाकतो, आणि हातातली बादली आधी जाते, मागून माणूस. मी हसलो. ती हसली नाही. हृदयाला बसवलेली यंत्रं त्यामुळे गडबडतात, डोक्यातल्या रक्तवाहिनीला ऑपरेशनमध्ये लावलेल्या काही जुन्या चिमट्या हलू शकतात, अंगावरच्या औषधाच्या पट्टीत धातूचा पापुद्रा असला तर कातडी भाजते, एवढंच काय, आत झोपल्यावर हाताचे पंजे एकमेकांत गुंतवले तरी चटका बसू शकतो. मी मनात म्हटलं, हात गुंतवायचे नाहीत, दागिने घालायचे नाहीत, प्रश्नांची उत्तरं द्यायची, हे तर लग्नाच्या बोलण्यांपेक्षाही अवघड आहे.

त्या दिवशी बाकावर बसलो होतो तेव्हा जे पाहिलं ते आधी सांगतो, कारण पुढे मी तिच्यावर रागावणार आहे आणि मग कौतुक राहून जाईल. आतमध्ये एका गृहस्थांना एकाएकी श्वास घेता येईना. त्यांनी हातातला फुगा दाबला (आत झोपणाऱ्याच्या हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की बाहेर घंटी वाजते). बाहेर एकच पळापळ. दोन धिप्पाड माणसं लोखंडी गाडी आणि तिच्यावर आडवं ठेवलेलं ऑक्सिजनचं भलंमोठं नळकांडं घेऊन धावत निघाली, अगदी देव धावल्यासारखी, थेट त्या खोलीच्या दाराकडे. आणि दारात आपली सूनबाई. तुम्हांला तिची उंची माहीत आहे. मी तिचा ड्रेस शिवतो तेव्हा कापड उरतं. ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली आणि म्हणाली, गाडी तिथेच थांबवा. ओरडली नाही. मागून कुणी मोठे डॉक्टर आले, तेही चढ्या आवाजात काही बोलले. ती हलली नाही. तोवर तिच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराने आतल्या माणसाला त्या सरकत्या पाटासकट दुसऱ्या, लोखंड नसलेल्या गाडीवर घेतलं आणि बाहेर आणलं. मग तिने दार लावलं आणि मगच ते नळकांडं त्यांच्यापाशी येऊ दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत सगळं आटोपलं. गृहस्थ बरे होते, फक्त घाबरले होते. नंतर मला कळलं, ते नळकांडं आत गेलं असतं तर ते तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं असतं, आणि वाटेत झोपलेल्या माणसाचं डोकं होतं. मोठ्या डॉक्टरांनी जाताना तिच्याकडे बघून मान हलवली. मी शेजारच्या बाईंना सांगितलं, ती माझी सून. त्या म्हणाल्या, बरं. मी पुन्हा सांगितलं.

आता माझी पाळी. मला एका छोट्या खोलीत पाठवून हॉस्पिटलचा झगा घालायला दिला. व्याही, तुम्ही लोखंडातले कारागीर आहात, तुम्हांला समजेल. समजा तुम्हांला कुणी असं गेट दिलं की एक दार वीतभर खाली लोंबतंय, कडी भलतीकडे आणि बिजागरी उलटी, आणि म्हणालं, यातून जा, तर तुम्ही जाल? त्या झग्याला खांदा नव्हता. गळा एका माणसाचा होता आणि बाह्या दुसऱ्याच्या. मागच्या नाड्यांपैकी एक तुटलेली, त्यामुळे पाठीमागून जे दिसत होतं ते पन्नाशी उलटलेल्या इभ्रतदार माणसाचं दिसू नये. मी आरशात पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली नाही, त्या शिवणाऱ्याची वाटली. माझ्या सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला नेहमी चार टाचण्या असतात. (सगळ्या शिंप्यांच्या असतात. मेल्यावरही असतील.) सदरा खुंटीला होता. हाताने आपोआप काम केलं, आणि तेही बधिर हाताने, हे लक्षात घ्या: दोन्ही खांदे अर्धा इंच आत घेतले, पाठीवर एक चुणी धरली, दुमड वर घेतली, आणि टाचण्या अशा लपवल्या की बाहेरून टाकासुद्धा दिसू नये. बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या बाई म्हणाल्या, तुम्हांला वेगळा झगा दिला का हो?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमच्या लेकीने मला लांबूनच पाहिलं आणि जागच्या जागी उभं केलं. म्हणाली, हॉस्पिटलचा झगा कुणालाही इतका छान बसत नाही. मग तिने शिवणीवरून बोटं फिरवून एकेक टाचणी काढली, चारही, आणि मला नवा झगा दिला, पहिल्यापेक्षा वाईट. मी म्हटलं, अगं टाचण्याच त्या, एवढंसं लोखंड. ती म्हणाली, एवढंसं असतं तेच जास्त जोरात पळतं, आणि ते कुणाच्या डोळ्याकडे पळेल हे टाचणी विचारत नाही.

मग आले प्रश्न. घरी विचारून झाले होते, खिडकीवर विचारून झाले होते, आता दारात तिसऱ्यांदा. हृदयात यंत्र? नाही. डोक्यात, कानात काही बसवलंय? नाही. सांधा, स्क्रू, पट्टी? नाही. तिच्या शेजारी तिचा जोडीदार उभा होता, आणि योगायोग बघा, त्याच्या लग्नाचा सूट मी शिवलेला. तो मला मोठ्या आदराने मास्तर मास्तर म्हणत होता आणि सूट अजून कसा नव्यासारखा आहे ते सांगत होता. तेवढ्यात तिने विचारलं, डोळ्यात कधी धातूचा कण, कीस, असं काही गेलं होतं का? आणि मी छाती काढून म्हणालो, "चाळीस वर्षांत मास्तराच्या हातून एक सुई मोडलेली नाही."

आता नीट बघा, तिने सुईचं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! पण आमच्या धंद्यात सुई मोडणं म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. ज्याची सुई मोडते त्याचा हात कच्चा. शिकाऊ पोराची मोडते, दारुड्याची मोडते, घाईत शिवणाऱ्याची मोडते. मास्तराची मोडत नाही. मी हे वाक्य दुकानात इतक्या वेळा बोललो आहे की ते पाटीवर लिहायचं तेवढं राहिलंय. जोडीदार कौतुकाने म्हणाला, वा मास्तर. मला वाटलं, सुटलो.

तुमच्या लेकीने हातातला कागद बाजूला ठेवला, माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, पप्पा, मी घरी पडद्याचं जाड कापड शिवायला घेणार आहे, मला भीती वाटते. समजा सुई मोडलीच, तर तुकडा कुठल्या बाजूला उडतो? झालं. विद्या विचारली की माझं तोंड मला आवरत नाही. मी पोपटासारखा बोलत सुटलो. म्हटलं, वरचा तुकडा मशीनलाच राहतो, खालचं टोक मात्र उसळी मारतं आणि डावीकडे वर येतं, गालाच्या हाडाच्या रोखाने. म्हणून चेहरा नेहमी उजवीकडे कलता ठेवावा. ताडपत्रीसारखं जाड काही असेल तर फारच जोरात येतं. आधी मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग काही वाटत नाही, मग दोन दिवस डोळ्यातून सारखं पाणी येतं, आणि मग आपोआप थांबतं, घाबरायचं कारण नाही.

ती म्हणाली, "पप्पा, दोन दिवस पाणी कुणाच्या डोळ्यातून येत होतं?"

जोडीदार छताकडे बघायला लागला. मग तिने मला त्या दारापासून दूर नेलं आणि डोळ्यांच्या साध्या एक्सरेला पाठवलं, आणि मी चिडलो. मोठ्याने चिडलो. म्हटलं, हात जायची वेळ आली आहे, इतक्या दिवसांनी मिळालेली तारीख आहे, आणि तू माझ्या डोळ्यात तीस वर्षांपूर्वीचा कचरा शोधतेस? परक्या माणसाला आत सोडलं असतंस, सासऱ्याला अडवतेस? (हे मी बोललो. बाकावरच्या बाईंनी ऐकलं.) ती म्हणाली, परक्यालाही अडवलं असतं, फक्त परक्याने एवढा वेळ घेतला नसता. आणि गेली.

एक्सरेत दिसला. डाव्या डोळ्याच्या मागच्या अंगाला, अगदी डोळ्याला चिकटून, मोहरीच्या निम्म्याएवढा पांढरा ठिपका. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला तो दाखवला, आणि शांतपणे सांगितलं की इतकी वर्षं तो मांसात रुतून गुमान पडून आहे आणि तिथेच पडून राहील. पण त्या खोलीत शिरलो असतो तर तो हलला असता, आणि हलताना जे मध्ये येईल ते फाडत गेला असता. मी विचारलं, म्हणजे डोळा? त्या म्हणाल्या, म्हणजे डोळा. हात वाचवायला गेलो होतो, आणि फुशारकीपायी डोळा देऊन आलो असतो. व्याही, मी खोलीबाहेर आलो तर तुमची लेक भिंतीला टेकून उभी होती. दारात नळकांडं अडवलं तेव्हा टेकली नव्हती. मी म्हटलं, तुझ्या बाहीची शिवण उसवली आहे, घरी दे. ती रडली आणि हसलीही.

पुढचं सगळं तिनेच मार्गी लावलं. डॉक्टरांशी बोलून एमआरआयऐवजी पाठीच्या कण्यात औषध टोचून दुसऱ्या मशीनवर फोटो काढले, त्या मशीनमध्ये चुंबक नसतं. थोडं दुखलं, मी थोडं ओरडलो, हिच्या म्हणण्याप्रमाणे जास्त ओरडलो. नस कुठे दबली ते दिसलं, ऑपरेशन झालं, आणि हे अक्षर तुम्ही वाचता आहात ते त्याच हाताचं आहे. करंगळी अजून रुसलेली आहे, पण कात्री रेघ सोडत नाही. कालच चोरून एक बाही कापली. बरोबर आली.

तर अशी तक्रार. प्रश्न फार विचारते, एकदा उत्तर दिलं तरी पुन्हा विचारते, म्हाताऱ्या माणसाला लाडीगोडीने बोलतं करते आणि त्याची चाळीस वर्षांची अब्रू दोन मिनिटांत धुळीला मिळवते. अशी मुलगी दिल्याबद्दल तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मुलांना चांगलं वळण लावलं असं सगळेच आईबाप म्हणतात. तुम्ही काय लावलंत ते माझ्या डाव्या डोळ्याला विचारा.

कंबरेला जपा. विहीणबाईंना आमच्या दोघांचा नमस्कार.

आपला स्नेहांकित,
मास्तर

ता. क. वर लिहिलं आहे की तुमच्या सोमवारबद्दल मी काही बोलणार नाही. ते खोटं होतं. माझी सवय तुम्हांला आता कळलीच आहे. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. जन्मभर ग्राइंडरसमोर उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यात एकदाही ठिणगी गेली नाही, असं तुम्ही लेकीला सांगता? साखरपुड्याच्या दिवशी तुम्हीच मला मोठ्या ऐटीत सांगितलं होतंत, की चष्मा लावून काम करतो तो वेल्डर नव्हे. त्या सेंटरात सोमवारी विचारतील तेव्हा हो म्हणा. त्यांनी विचारलं नाही तर स्वतः सांगा, आणि आधी डोळ्यांचा एक्सरे मागा. देणार नसतील तर उठून या. आमच्या घरी कंबरेला कडक गादी आहे.

ता. क. दुसरा. तुम्हांला खरं बोला म्हणतो, तर माझंही घ्या. सुया पाच मोडल्या. जोडीदाराच्या सुटाच्या वेळी सहावी.

ता. क. तिसरा. हे पत्र मी लिहितो आहे हे सूनबाईला माहीत नाही. काल मी तिला विचारलं, की मला पकडायची ती युक्ती तू कुठे शिकलीस. म्हणाली, लहानपणी बाबा लाल डोळा घेऊन घरी यायचे आणि धूळ गेली म्हणायचे. आई रुमालाच्या टोकाने कण काढायची आणि मी दिवा धरायचे. मग मी म्हटलं, इतकं माहीत आहे तर माझ्यासारखं त्यांनाही समोर बसवून विचार की. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं बोललात तेव्हा मला ते कळलं. बाबा खोटं बोलले तर मला ते खरं मानावंसं वाटतं."